टँकवरचे मामा

पहाटे ४.४५
मामा मोबाइलवर गाणी मोठ्याने लावूनच घराबाहेर पडतात. हौस म्हणून नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. नारायणगावजवळचा हा खासगी स्विमिंग टँक मळ्याच्या कडेलाच आहे. साठ फूट बाय तीस, खोली साडेतीन ते साडेचार. पाणी दोन लाख लिटर.

५.००
लांब दांड्याची जाळी. आधी पानं, मग पाकोळ्या, आज एक बेडूकही. मग तळावरून व्हॅक्यूमचा ब्रश. घाई केली की गाळ उठतो, आणि पुन्हा बसेपर्यंत हात बांधून उभं राहावं लागतं. फिल्टरचा काटा चढलेला, म्हणून बॅकवॉश. ते पाणी नारळांना जातं. शेवटी दोन नळ्यांत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळा रंग क्लोरीनचा, लालसर पीएचचा. आज साडेसात. मामा मान हलवतात.

६.३०
पहिली बॅच शुगरवाल्यांची आणि गुडघेवाल्यांची. एक निवृत्त बाई छातीएवढ्या पाण्यात नुसत्या चालतात. पाण्यात गुडघ्यावर भार कमी येतो, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय. पायऱ्यांना पाइपचा कठडा मामांनी मालकांच्या मागे लागून बसवून घेतला. वेल्डिंगसकट अठराशे रुपये. तो धरून आता पायाला पोलिओ असलेले टेलरही उतरतात. काठी काठावर, माणूस पाण्यात. सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणूनच पोहायला लागले होते. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक घेतलं. टेलरना पदक नको आहे. दिवसभर मशीनवर बसून कंबर धरते, ती मोकळी झाली की झालं.

८.००
बायकांची बॅच. हिरवी जाळी ओढली जाते, मामा बाहेर काउंटरवर येतात, आत मालकांच्या सूनबाई. तासाला साठ रुपये, टोपी भाड्याने दहा. जाळीपलीकडच्या वावरात टोमॅटो तोडणाऱ्या बाया दिवसाच्या साडेतीनशेवर आहेत. त्यांची पोरं बांधावर.

१२.३०
या आठवड्यात थ्री फेज दिवसा आहे. मोटार चालू करायला मामा शेततळ्यावर जातात. टँकमध्ये उन्हाने रोज पाणी घटतं, ते इथून भरायचं. तळ्याच्या काळ्या प्लॅस्टिक कागदावर शेवाळ धरलंय. चारी बाजूंनी दोर सोडलेत, हात-हात अंतरावर गाठी. मामा एकेक ओढून बघतात. भाकरी नंतर.

३.००
आता पोरं. पंधरा जण, त्यातले निम्मे सुट्टीला मामाच्या गावी आलेले. पहिला दिवस फक्त काठ धरून पाय मारायचे. दुसऱ्या दिवशी तोंड पाण्यात घालून बुडबुडे. "नाकाने सोड रे, नाकाने!" मामा स्वतः विहिरीत शिकले. चुलत्याने पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि वरून ढकललं. आठव्या दिवशी डबा सुटला, दहाव्या दिवशी मुटका. फी नव्हती. ती विहीर अजून आहे, पण मेमध्ये पाणी पार तळाला आणि पायऱ्या ढासळलेल्या. तिथे पोर कोण उतरवणार? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत. पाण्याला तोटा नाही. पोहता न येणाऱ्या पोरांनाही नाही.

७.३०
टँक रिकामा. क्लोरीनची पावडर संध्याकाळीच टाकायची, दिवसा ऊन खाऊन टाकतं. अर्धा किलो, बादलीत आधी कालवून, वारा पाठीशी घेऊन. तरी डोळे चुरचुरतात. मामांना महिन्याला तेरा हजार. पावसाळ्यात टँक बंद, मग टोमॅटोच्या बांधणीला.

८.००
कुलूप लावताना एक शेतकरी दोन पोरं घेऊन येतो. नवं शेततळं केलंय, कागद कालच अंथरला, पोरांचं नाव घाला म्हणतो. मामा वहीत नावं लिहितात, दोनशे रुपये आगाऊ घेतात.

"पोरं शिकतील पंधरा दिवसांत," मामा म्हणतात. "दोर मात्र आजच सोडा. चारी बाजूंनी. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालासुद्धा वर येता येत नाही."