खालून दुर्बीण : ऐकीव भीती आणि खरी तयारी

वरून दुर्बीण घालायची म्हटली तर माणूस थोडा कुरकुरतो आणि तयार होतो. खालून म्हटली की तारखा पुढे सरकू लागतात. आधी घरात लग्न असतं, मग गणपती, मग मुलाची बारावी. दरम्यान शौचाला रक्त पडत असतं, आव पडत असते, वजन उतरत असतं आणि घरातलं कुणी ना कुणी ‘उष्णता झालीय, मूळव्याधच असणार’ म्हणून मोकळं झालेलं असतं.

डॉक्टरांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज या आतड्याच्या सुजेच्या आजारांची शंका आली आहे, कोलोनोस्कोपी म्हणजे ही खालून दुर्बीण सांगितली आहे आणि आता रात्री झोप लागत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. ही भीती खोटी नसते, पण बहुतेकदा ती चुकीच्या जागी बसलेली असते. लोक नळीला घाबरतात आणि आदल्या दिवसाची तयारी कशीबशी उरकतात. नळी चालवायला तज्ज्ञ असतो. तयारी मात्र आपल्यालाच करायची असते, आणि तपासणी फसते ती बहुतेक तिथेच.

‘आमच्या मेहुण्यांनी केली होती, जीव गेला म्हणे’

मेहुणे खोटं बोलत नाहीत, पण त्यांना काय आठवतं हा वेगळा प्रश्न आहे. योगायोग असा की वेदनेच्या आठवणीवरचं एक गाजलेलं संशोधन कोलोनोस्कोपीच्याच रुग्णांवर झालं. डोनाल्ड रेडेलमायर हे कॅनडातले डॉक्टर आणि डॅनियल काह्नेमन हे मानसशास्त्रज्ञ, ज्यांना पुढे 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 154 जणांना कोलोनोस्कोपी चालू असतानाच दर मिनिटाला ‘आता किती दुखतंय’ असं विचारलं होतं. कुणाची तपासणी चार मिनिटांत आटोपली, कुणाची 69 मिनिटं चालली. नंतर ‘एकूण किती त्रास झाला’ असं विचारलं, तेव्हा तपासणी किती वेळ चालली याचा उत्तराशी जवळपास संबंधच नव्हता. लोकांच्या लक्षात राहिला होता तो सर्वांत वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं. 2003 मध्ये 682 रुग्णांवरचा पुढचा अभ्यास आला. त्यात निम्म्या रुग्णांच्या बाबतीत शेवटी नळीचं टोक न हलवता थोडा वेळ गुदाशयात तसंच ठेवलं होतं. त्यांची तपासणी लांबली, तरी आठवण मात्र सौम्य राहिली.

म्हणजे मेहुण्यांच्या गोष्टीत आपण ऐकतो तो त्यांचा एक वाईट क्षण. शिवाय या अभ्यासांतले रुग्ण दर मिनिटाला आकडा सांगण्याइतके जागे होते. आज आपल्या शहरांतल्या बऱ्याच रुग्णालयांत भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफॉल देतात. पेशंट झोपतो आणि उठल्यावर ‘झाली का?’ असं विचारतो. काही ठिकाणी मिडाझोलामसारखं हलकं गुंगीचं औषध देतात, तर काही ठिकाणी काहीच न देता तपासणी करतात. आपल्याकडे यातलं काय होणार हे तारीख घेतानाच विचारा, गुंगी हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही. गुंगीत घरातली गुपितं बाहेर पडतील अशीही काहींना धास्ती असते. तिथल्या मंडळींचं लक्ष पडद्यावर असतं, आपल्या बडबडीकडे नाही.

नळी साधारण करंगळीएवढी जाड आणि लवचीक असते, तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास चालते. जाग्या पेशंटला जे दुखतं ते आतडं ताणलं गेल्यामुळे, म्हणजे आत सोडलेली हवा आणि वळणावर नळीचा झालेला वेटोळा. म्हणून मध्येच कुशीवर वळवतात किंवा नर्स पोटावर दाब देते. काही ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतर पोट कमी फुगतं.

‘तुकडा काढला म्हणजे कॅन्सरच’

हा गैरसमज माणसाला सर्वांत जास्त पोखरतो. रिपोर्ट येईपर्यंतचे ते पाच-आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. प्रत्यक्षात आतड्याच्या सुजेची शंका असली की तुकडे घेणं हा तपासणीचा नेहमीचा भाग असतो. ते काही मिलिमीटरचे असतात आणि काढताना दुखत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला ताण कळतो, चिमटा कळत नाही. डोळ्यांना अगदी निरोगी दिसणाऱ्या अस्तरातूनही तुकडे घेतात. मायक्रोस्कोपिक कोलायटिस नावाचा आजार सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो.

आपल्याकडे याला आणखी एक मोठं कारण आहे, आतड्याचा टीबी. टीबी आणि क्रोन्स दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. तेच लहान आतड्याचं शेवटचं टोक, तसेच व्रण, तसंच आतडं अरुंद होणं. उपचार मात्र उलट दिशेचे. क्रोन्ससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, आणि तीच टीबीच्या रुग्णाला दिली तर आजार भडकतो. त्यामुळे अनेक तुकडे घेऊन त्यांची टीबीसाठीही तपासणी करतात. तरीही कधी उलगडा होत नाही. अशा वेळी टीबीची औषधं सुरू करून काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात आणि व्रण भरले का ते पाहतात. दुसऱ्यांदा बोलावलं म्हणजे काहीतरी लपवत आहेत, असा अर्थ काढू नका.

सीटी स्कॅनवर किंवा शौचाच्या तपासणीवर भागेल का, असंही विचारलं जातं. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आतड्याला सूज आहे की नाही हे बऱ्यापैकी सांगतं, पण कशाची सूज ते सांगत नाही. स्कॅनमधून तुकडा काढता येत नाही. गिळायच्या कॅप्सूलमधूनही नाही, आणि आतडं अरुंद झालं असेल तर ती आतच अडकू शकते.

‘आदल्या दिवशी उपास केला की झालं’

उपास म्हटलं की आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी होते. एकादशी आणि दुप्पट खाशी! त्यातलं दाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू, वर डाळिंब, हे सगळं आतड्याला चिकटून राहतं आणि दुर्बिणीच्या भिंगासमोर येतं. डॉक्टर म्हणतात तो चोथा नसलेला आहार. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, भाकरी, कडधान्यं, तीळ, बियांची फळं बंद. मऊ पांढरा भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण चालतं. आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी फक्त आरपार दिसणारे द्रव देतात : शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, गाळलेलं सूप. दूध नाही. कोकम सरबत आणि बीटही नाही, कारण त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या सहसा आठवडाभर आधी थांबवतात.

मग येतं ते औषध. आपल्याकडे बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, दोन लिटर पाण्यात कालवलेली. चव खारट-गुळमट, दुसऱ्या ग्लासानंतर नको वाटते. ते थंड करावं, स्ट्रॉने प्यावं, मध्ये लिंबाची फोड चोखावी. दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास हा वेग ठेवावा, मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावं. तास-दोन तासांत पोट चालू होतं. तोवर संडासाजवळची खोली, सैल कपडे आणि व्हॅसलीनची डबी तयार हवी. व्हॅसलीन पहिल्या फेरीच्या आधी लावायचं, आग व्हायला लागल्यावर नाही. शेवटी पिवळसर, लघवीसारखं स्वच्छ पाणी पडायला लागलं की आतडं तयार झालं.

अर्धं औषध संध्याकाळी आणि अर्धं पहाटे, असं सांगितलं असेल तर पहाटेचं टाळू नका. रात्रभरात लहान आतड्यातून स्राव उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूवर साका धरतो. पहाटेचा डोस तो धुऊन काढतो. तपासणीच्या किमान दोन तास आधी मात्र पाणीसुद्धा बंद.

‘एवढे जुलाब झाले तर अशक्तपणाने पडेन’ ही भीती अर्धीच खरी. हे औषध फारसं शोषलं जात नाही आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडू नये अशा बेताने बनवलेलं असतं. मात्र मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर ते आधीच सांगा. कोणती गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. आणि कुणाच्या सल्ल्याने एरंडेल घेऊ नका.

‘आतडं फाटतं’ असं ऐकू येतं. फाटू शकतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. नुसत्या तपासणीत हे प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. मोठी गाठ काढताना ते वाढतं. आतडं फारच सुजलेलं असेल तर धोका जास्त असतो, म्हणूनच तीव्र कोलायटिसच्या रुग्णाला पूर्ण तयारी आणि पूर्ण तपासणी सहसा करत नाहीत, खालचा थोडाच भाग पाहून थांबतात.

लाज हा विषय आपण चारचौघांत काढत नाही, पण तारीख पुढे ढकलण्यामागे बऱ्याचदा तीच असते, बायकांइतकीच पुरुषांचीही. मागे फट असलेली चड्डी किंवा गाऊन देतात, कुशीवर झोपवतात, अंगावर चादर असते. महिला डॉक्टर हव्या असतील तर आधी विचारावं. पाळी चालू असेल तरी तपासणी करता येते. उठल्यावर वारा सरतो, आवाजासकट. तो दाबून धरू नका. तो सुटला की पोटही हलकं होतं आणि नर्सही निर्धास्त होते.

राहिली ती पोटातली धडधड. मेंदू आणि आतडं यांचं इतकं सख्य आहे की नुसत्या काळजीनेही कळ येते आणि पळावं लागतं. त्या रात्री लक्षणं वाढल्यासारखी वाटली तर आजार वाढला असं समजू नका. शक्य असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे वाट पाहणं कमी. ‘मला भीती वाटतेय’ हे नर्सला सरळ सांगा. सुई टोचणाऱ्यापासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळे त्याप्रमाणे वागतात. सोबत एक माणूस लागतोच. गुंगी दिल्यावर 24 तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, आणि डॉक्टर जे सांगतील ते निम्मं तुमच्या लक्षात राहणार नाही.

तुकडे घेतले असतील तर पहिल्या शौचाला थोडं रक्त दिसू शकतं. पोट दगडासारखं होऊन दुखायला लागलं, ताप आला किंवा रक्त थांबत नसेल, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

रिपोर्ट हातात आला की लोक शेवटचीच ओळ वाचतात. त्याआधीच्या तीन गोष्टी पाहा. नळी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचली का. टर्मिनल आयलियम, म्हणजे लहान आतड्याचं टोक पाहिलं का. क्रोन्स किंवा टीबीची शंका असेल तर हे फार मोलाचं. आणि तयारी कशी होती. काही ठिकाणी तिला बोस्टन स्केलवर नऊपैकी गुण देतात. मोठ्या आतड्याच्या तिन्ही भागांना प्रत्येकी किमान दोन, म्हणजे एकूण सहा किंवा जास्त असतील, तर आतडं नीट दिसलं आहे. त्याहून कमी असतील तर ‘नॉर्मल’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, हे डॉक्टरांना विचारूनच फाइल बंद करा.