कोड आणि चारचौघे

कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केल्यामुळे अंगावर उमटणारे पांढरे डाग. ते स्पर्शाने पसरत नाहीत, महारोगाशी त्यांचा तिळमात्र संबंध नाही, आणि दूध व मासे एकत्र खाल्ल्याने ते उठतात ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत सर्वस्वी निराधार आहे. शेकडा अर्धा ते दोन माणसांना ही व्याधी होते, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या अंगावर पहिला डाग विशीच्या आतच दिसतो.

डाग दुखत नाही. दुखते ती लोकांची नजर. भर वैशाखात पूर्ण बाह्यांचे पोलके घालणारी, हळदीकुंकवाला हात पुढे करताना बोटे पदराआड ओढणारी मुलगी आणि धाकटीचे लग्न अडेल या धास्तीने थोरलीला पाहुण्यांसमोर न आणण्याची घराची वहिवाट, हे अद्यापि आपल्याकडे दुर्मीळ नाही.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, श्वेता असोसिएशनच्या द्वारे अशा माणसांना एकत्र आणले, ही बाब मला कोणत्याही औषधाइतकीच मोलाची वाटते. औषधे, प्रकाशोपचार आणि त्वचारोपण यांचा उपयोग होतो. परंतु त्यांना महिनेच्या महिने लागतात, यशाची हमी नसते, आणि तेवढा काळ माणसाला चारचौघांत वावरावे तर लागतेच. गटात नवखा माणूस बहुधा आधी औषधाचीच चौकशी करतो. मात्र उत्तर देणाऱ्याच्या मनगटावर आपल्यासारखाच डाग पाहिला, की कचेरीत काय सांगावे, मुलीकडच्यांना केव्हा सांगावे, हे आजवर कुणालाच न विचारलेले प्रश्न त्याच्या तोंडून आपसूक निघू लागतात.

संस्थेच्या वधुवर मेळाव्यांनी कोड असलेल्यांची निराळीच जात निर्माण होईल, अशी हरकत कोणी घेईल. मला ती मान्य नाही. जिथे लपवण्याजोगे काही उरलेले नाही, तिथेच स्वभाव, शिक्षण, मिळकत यांची बोलणी मोकळेपणी होऊ शकतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ या चित्रपटात कोड असलेल्या तरुणीलाच नायिका केले, तेव्हा हा विषय घरोघरच्या दिवाणखान्यात उघडपणे बोलला जाण्याची वाट थोडी मोकळी झाली.

आधाराची गरज कित्येकदा मुलांहून आईबापांना अधिक असते. सात-आठ वर्षांचा मुलगा उघड्या अंगाने तलावात उडी मारायला खुशाल तयार असतो, अडवते ती लोक काय म्हणतील या भयाने व्याकूळ झालेली आई. आणि ‘उतरू द्या हो त्याला, माझाही उतरतो’ असे सांगणारी दुसरी आई तिला भेटते ती अशा गटातच.