बांडगुळाचा हिशेब

कोकणातील आंब्यावर बांडगूळ दिसले की बागाईतदार कोयता शोधू लागतो, आणि त्याच्या संतापाला अन्याय्य म्हणवत नाही. दुसऱ्याच्या फांदीत शोषक मुळे रोवून तिच्या पाण्यावर व क्षारांवर कबजा करणाऱ्या वनस्पतीविषयी ममत्व वाटावे तरी कसे? परंतु त्याच कुळातील ट्रिस्टेरिक्स कोरिम्बोसस ही जाती, आणि दक्षिण चिली व लगतच्या अर्जेंटिनाच्या समशीतोष्ण अरण्यात तिच्या शेजारी राहणारा, जेमतेम ३० ग्रॅम वजनाचा ‘मोनितो देल मोन्ते’ हा शिशुधानी प्राणी, या दोघांची तुलना करू लागले म्हणजे मिंधे कोण याचा निवाडा तितकासा सोपा राहत नाही.

मोनितो अमेरिकेचा रहिवासी खरा, पण त्याच्या घोट्याच्या हाडांची रचना पाहून १९८२ साली असे मत मांडले गेले की त्याचे गोत तेथील ओपॉसमांशी नव्हे, तर ऑस्ट्रेलियातील कांगारूंशी जुळते. पुढील संशोधनानेही त्या मताला पुष्टी दिली. त्याच्या गणातील बाकीची घराणी केव्हाच लयाला गेली. बांडगुळाच्या कुळाचे मूळही संशोधक गोंडवन भूखंडातच शोधतात, ज्यात एके काळी आपला दख्खनही सामील होता.

दिनक्रमात मात्र दोघांचे मुळीच जमत नाही. वनस्पती ऐन हिवाळ्यात लालभडक नळीदार फुलांनी लहडते आणि थंडीत अन्नाला मोताद झालेल्या हमिंगबर्डला मध पुरविते. त्या वेळी मोनितो शेपटीच्या मुळाशी साचविलेल्या चरबीच्या शिलकेवर शीतनिद्रेत पडलेला असतो. उन्हाळ्यात फळे पिकतात तीही हिरवीच, आणि रात्री हिंडणाऱ्या या प्राण्याला रंगाची मातब्बरी ती काय! तो ती गिळतो, आणि विष्ठेवाटे पडलेल्या चिकट बिया फांद्यांना चिकटून राहतात. अमिको व ऐझेन या संशोधकांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की या अरण्यात त्याच्या आतड्यातून न गेलेले बी रुजतच नाही. उलट मोनितोला कीटक आहेत, इतर फळेही आहेत. बांडगुळावाचून त्याचे अगदीच अडेल असे नाही. आश्रयदात्या वृक्षाला लुबाडणारी वनस्पती अशी मूठभर जनावराच्या पोटाची ऋणकरी ठरते, आणि मला तर या तुलनेतील सर्वांत मौजेची गोष्ट हीच वाटते.

तथापि हे ऋण सार्वत्रिक नाही. मोनितोच्या मुलखाच्या उत्तरेस, मध्य चिलीच्या कोरड्या झुडपी रानात, याच जातीची फळे पिवळी पिकतात आणि तेथे बियांची वाहतूक पक्षी करतात.