तोल गेला, तर थांबू नका

फजरला वुजू करून उठताना अब्बांनी एकदम झोकांडी खाल्ली. उलटी झाली. अशा वेळी आपण घरात म्हणतो, "पित्त झालं असेल." हातपाय हलतात, तोंड वाकडं नाही, मग लकवा कसा?

इथेच आपण फसतो. डोक्याच्या मागे, मानेच्या वर लहान मेंदू असतो. त्याच्या मधल्या पट्टीला वर्मिस म्हणतात. धड सरळ ठेवणे आणि चाल सांभाळणे हे तिचे काम. तिचा रक्तपुरवठा तुटला, तरी पलंगावर पडलेला माणूस हातपाय नीट हलवू शकतो. उभा केला की पाय फाकवून डुलतो. दारूला कधी न शिवलेल्यावरही नशेचा संशय येतो. सूज वाढली, तर श्वास चालवणारा शेजारचा भाग दाबला जाऊन जीव धोक्यात येतो.

रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. किनवटहून नांदेड किंवा उदगीरहून लातूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून गल्लीतला दवाखाना उघडण्याची वाट आपण पाहू नये. लगेच १०८ ला फोन करावा, सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि तोल नेमका किती वाजता गेला, ते डॉक्टरांना आधी सांगावे.