आधी पिसू, मग उंदीर

शेतकरी बंधूंनो, बांधावरचा वा जंगलकडेचा रानउंदीर एकटा नसतो. त्याच्या अंगावर पिसवा असतात. पिसवांच्या अळ्या बिळातल्या धुळीत वाढतात, मोठी झालेली पिसू उंदराचे रक्त पिते. उंदीर मेला, अंग गार पडले, की ती दुसरे ऊबदार अंग शोधते. ते तुमचे-आमचेही असू शकते! प्लेग माणसाला होतो तो असाच.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावचे लोक घराबाहेर राहू लागले. धान्य मात्र घरातच साठले. उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये ते पटापट मरू लागले, पिसवांनी लोक हैराण झाले. सप्टेंबरात प्लेगचे संशयित रुग्ण निघाले.

म्हणून उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर विषारी आमिषाची घाई नको. मेलेल्याला हात लावू नका. सरपंच, पोलीस पाटलांनी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. त्यांच्या सल्ल्याने बिळांत कीटकनाशक भुकटी टाकून आधी पिसवा माराव्यात, मगच उंदीर. ताप येऊन काखेत, जांघेत गाठ आली तर दुखणे अंगावर काढू नका. वेळेत औषध मिळाले तर रोगी बरा होतो.