श्रद्धेची वहिवाट

महाड तालुक्यातील तळीये हे नाव उच्चारताच २२ जुलै २०२१ची दरड आणि तिच्याखाली गेलेले ऐंशीहून अधिक जीव आठवतात. अशा भूमीत उभे राहून श्रद्धेविषयी लिहावयाचे, तर ती आर्तांच्या किती निकट गेली, हेच प्रथम विचारले पाहिजे. या मुलखाचे पाणी पोटात घेऊन सावित्री बाणकोटला समुद्रास मिळते, आणि त्याच बाणकोटास १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपले ठाणे केले. त्यांपैकी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी निवर्तले. मागे राहिलेल्यांनी बाणकोट-हर्णैच्या पट्टीत शाळा चालविल्या. महाराष्ट्रातील ख्रिस्ती श्रद्धेचा हिशेब अशा मिशनांच्या दफ्तरांतील बाप्तिस्म्यांच्या नोंदींवरून मांडण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. बाप्तिस्मा हे फार तर खरेदीखत. जमीन कसली गेली की पडीक राहिली, हे पुढील वहिवाटच सांगते.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, परंतु आपली विवेकबुद्धी कोणाच्याही स्वाधीन केली नाही. ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशीच सिद्धान्तांविषयी त्या निर्भयपणे वाद घालीत, आणि शाकाहारही त्यांनी सोडला नाही. १८८९ साली मुंबईत मुली व विधवांसाठी काढलेले शारदासदन त्यांनी पुढे पुण्यास नेले. तेथे आपली प्रार्थना दार लावून करणे त्यांना मान्य नव्हते, आणि मुली तीत येऊन बसू लागल्या तेव्हा १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची धर्मांतराची शंका निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण एवढा आघात सोसूनही ही बाई १८९७च्या दुष्काळात मध्यप्रांतात हिंडली, अन्नान्न झालेल्या निराधार मुली वेचून केडगावास घेऊन आली आणि त्यांना तिने निवारा, विद्या व उद्योग दिला, हे कोणत्याही वादापेक्षा मोठे आहे. उत्तरवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी सिद्ध केलेले मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने ख्रिस्ताची उपासना अभंगांत बसविली, आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला.

मात्र माझे मन अधिक रमते ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या सोवळे कसोशीने पाळीत आणि इतरांच्या हातचे पाणी वर्ज्य मानीत. पण जातिभेद ईश्वराने नव्हे, मनुष्याने केला, असे एके दिवशी मनास पटताच त्यांनी तो विटाळ कायमचा टाकून दिला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. ज्या महाडात १९२७ साली डॉ. आंबेडकरांना तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या महाडच्या वाचकाला या क्रमाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

१९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात ते महाकाव्य पूर्णत्वास नेले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचा गौरव आपण यथायोग्य करतो. या दुसऱ्या श्रमाकडे आपल्या टीकाकारांनी तितक्या आस्थेने पाहिलेले नाही, आणि ते पाहिले जावे अशी माझी उत्कट इच्छा आहे.