मोटार विकून मोटारसायकलवर भागेल काय?



गळिताचे पहिले बिल बँकेत जमा झाले की गावोगावी दोन तऱ्हेचे बोलणे सुरू होते. एक म्हणतो, "यंदा दारात चारचाकी उभी करायचीच." दुसरा, ज्याच्या दारात ती आधीच उभी आहे, तो मात्र गुपचूप विचार करीत असतो की हा पांढरा हत्ती विकून टाकावा आणि मोटारसायकलवरच भागवावे. पहिल्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दुसरा लोक काय म्हणतील या भीतीने कुणाशी बोलत नाही. हा लेख त्या दुसऱ्यासाठी आहे. मोटार विकाच असा आमचा आग्रह नाही आणि ठेवाच असाही नाही. उसाचा ताळेबंद आपण जसा मांडतो, तसाच हाही मांडून पाहावा एवढेच सांगणे.

मोटारीला वर्षाला किती ऊस लागतो?

बहुतेक लोक मोटारीचा खर्च म्हणजे पेट्रोल एवढेच धरतात. ही निम्मी बाजू झाली. उसाच्या खर्चात नुसते खत धरून बेणे, पाणीपट्टी आणि भांगलण सोडून देण्यासारखेच ते आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. आपण आपले घालावेत. आज बाजारात ३,५०,००० रुपये किंमत येईल अशी पेट्रोलवरची लहान मोटार आहे आणि ती वर्षाला ६,००० किलोमीटर फिरते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि मोटार लिटरला १५ किलोमीटर धावते असे धरले तर ४०० लिटरचे ४२,००० रुपये झाले. विमा ९,०००. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांची वर्षाची सरासरी १२,०००. हा झाला खिशातून जाणारा पैसा, ६३,००० रुपये.

आता न दिसणारा खर्च. मोटार उभी राहिली तरी तिची किंमत दर साल घटते. दहा टक्के धरले तरी ३५,००० गेले. साडेतीन लाख रुपये पत्र्यात अडकून पडले आहेत. तेच ट्रॅक्टरच्या किंवा पाइपलाइनीच्या कर्जात भरले असते, तर सात टक्क्यांनी २४,५०० रुपये व्याज वाचले असते. सगळी बेरीज १,२२,५०० रुपये होते.

ही रक्कम उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात समजा २,७०० पडले आणि पिकविण्याचा खर्च १,७०० आला, तर टनामागे शिल्लक १,००० रुपये. म्हणजे ही मोटार वर्षाला सव्वाशे टनांच्या आसपास उसाची शिल्लक खाते. एकरी ४० टन उतारा धरला, तर तीन एकरांचा ऊस नुसता तिच्यासाठी लावल्यासारखे झाले. ज्याचा ऊसच चार एकर आहे, त्याने हा आकडा दोनदा वाचावा.

मोटारसायकलवर आल्यास काय वाचते?

मोटार गेली म्हणून ६,००० किलोमीटरचा प्रवास काही संपत नाही. त्यातला ४,५०० किलोमीटर घरात असलेल्या मोटारसायकलवर होईल असे धरू. लिटरला ५० किलोमीटरने ९० लिटरचे ९,४५० रुपये. वाढीव सर्व्हिसिंग व टायर २,५००. उरलेला १,५०० किलोमीटरचा प्रवास, म्हणजे लग्नकार्य, दवाखाना, देवदर्शन, भाड्याच्या गाडीने. किलोमीटरला १५ रुपये आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून २५,०००. दोन चांगली हेल्मेटे आणि रेनकोट ३,०५०. एकूण ४०,००० रुपये.

वाचले ८२,५०० रुपये. परंतु येथे एक मेख आहे, ती ध्यानात घ्यावी. यातले रोख फक्त २३,००० वाचतात. बाकीचे ५९,५०० रुपये घसारा व व्याजाचे आहेत. मोटारीचे आलेले साडेतीन लाख कर्जात भरले किंवा ठिबकसारख्या उत्पन्नाच्या कामी लावले, तरच ते खरे पदरात पडतात. तेच पैसे वर्षभरात इकडेतिकडे उडाले, तर मोटारही गेली आणि पैसाही गेला अशी गत व्हायची.

कुणी विकू नये?

घरात डायलिसिसवर असलेले माणूस आहे, सांधे धरलेली म्हातारी आई आहे किंवा सून बाळंतपणाला टेकली आहे, त्या घराने हा हिशेब बाजूला ठेवावा. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि अडल्या वेळी तिचा मोठा आधार होतो. पण आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी दवाखान्यात जायचे असेल, तर ती त्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट बायामाणसांची. मोटार असली की सासूसून, लेकरेबाळे तिच्यात बसून माहेरी, बाजाराला जातात. मोटारसायकल राहिली की ती कर्त्या पुरुषाबरोबर सकाळीच बाहेर पडते आणि बाकीचे घर वस्तीवर अडकते. पैसा सगळ्यांचा वाचला आणि अडचण मात्र एकाच्याच वाट्याला आली, असा व्यवहार घरात टिकत नाही. म्हणून विकण्याआधी घरात विचारावे. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळू लागला. परंतु सवलतीचा उपयोग एस.टी. फाट्यावर थांबत असेल तरच. वस्तीपासून फाटा किती लांब आणि शेवटची गाडी किती वाजता, हे आधी पाहावे.

तिसरे, दोघांपेक्षा जास्त माणसे मोटारसायकलवर बसवू नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मागे एकालाच बसविता येते. टाकीवर पोरगे, मागे बायको आणि तिच्या कडेवर तान्हे, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही.

जिवाचा हिशेब

रुपयांच्या हिशेबात मोटारसायकल जिंकते, जिवाच्या हिशेबात मोटार. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या साली गेले. मोटारीत माणसाभोवती पत्रा असतो, पट्टा असतो. मोटारसायकलवर डोके आणि डांबर यांच्यामध्ये हेल्मेटाखेरीज काही नाही.

आपल्या भागात तर हंगामाचे चार-पाच महिने धोका दुप्पट. रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी असलेली उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर. अशा वेळी मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती थेट पुढ्यात आल्यावर. वळणावर सांडलेले वाढे आणि पाचट, ओल्या मातीचा राडा, यांवर दोन चाके घसरतात. चार चाके निभावून जातात.

म्हणून एकट्या मोटारसायकलवर यायचे असेल, तर काही नेम पाळावेच लागतात. हंगामात रात्रीचा प्रवास होता होईल तो टाळावा. समोरून झोत आला की वेग कमी करावा. हेल्मेट आय.एस.आय. मार्कचेच घ्यावे, १ जून २०२१ पासून त्याशिवायचे विकण्यास बंदी आहे. ते हँडलला अडकविण्यासाठी नसते. हनुवटीखाली पट्टा आवळला नाही, तर पडताना पहिले तेच निघून जाते. मागे बसणाराला आणि चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट हवे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालविणाऱ्याशी बांधणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला.

युरियाचे पोते ४५ किलोचे असते. मागच्या कॅरियरवर दोन पोती लादली की पुढचे चाक हलके पडते, हँडल ऐकत नाही आणि ब्रेक धरत नाही. खताला टेम्पो किंवा ट्रॉलीच करावी. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हाती गाडी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

विम्याची गोम

येथे पुष्कळांची फसगत होते. २०१८ साली मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाख रुपयांचा झाला. हा विमा बऱ्याचदा मोटारीच्या पॉलिसीबरोबर काढलेला असतो. मोटार विकली की तोही सुटतो. तेव्हा मोटारसायकलच्या पॉलिसीत तो आहे का, हे त्याच दिवशी पाहावे.

तसेच "मालक-चालक" या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. आर.सी. बुकावर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याजवळ चालू लायसन आहे, त्यालाच हे संरक्षण मिळते. गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवतो मुलगा, असे घरोघर आहे. मुलगा चालवीत असताना काही झाले, तर या कलमाखाली घरच्यांच्या हाती काही पडत नाही. रोज चालवितो त्याच्या नावावर गाडी असावी.

मागे बसणाऱ्याचेही तसेच. नुसत्या सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. पॅकेज पॉलिसीत ती येते. चार पैसे वाचवायला स्वस्तातली पॉलिसी घेताना आपल्या मागे कोण बसते ते आठवावे.

आणि लायसन. मोटारीचे लायसन म्हणजे मोटारसायकलचे लायसन नव्हे. दोन्ही वर्ग वेगळे आहेत. लायसनवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग नसेल, तर तो आधी घालून घ्यावा. त्यावाचून विम्याचा दावाही अडतो.

विकताना कागद पुरे करा

ओळखीच्या माणसाला मोटार दिली, पैसे घेतले, सह्या करून कागद त्याच्या हाती दिले, की झाले असे समजू नये. गाडी कितीही हातांतून फिरली तरी आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. उद्या त्या मोटारीखाली कोणी सापडले आणि तिचा विमा संपलेला असला, तर भरपाईची नोटीस आपल्या दारी येईल आणि ती रक्कम ऊसबिलातून फिटण्यासारखी नसेल.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. मोटारीवर बँकेचा बोजा असेल तर ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा. फास्टॅग बंद करावा. पाच वर्षे दावा न केल्याचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत असतो. तो मोटारीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवले, तर तीन वर्षांत पुन्हा मोटार घेतल्यास तो उपयोगी पडतो. मोटारसायकलला मात्र तो लागू पडत नाही.

आणखी एक. विकल्यावर गरजेला भाड्याची गाडी लागेल, ती पिवळ्या पाटीचीच करावी. शेजाऱ्याची खाजगी गाडी भाड्याने केली आणि अपघात झाला, तर भाडे घेतले म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे दुचाकीला प्रवेश नाही, हेही ध्यानी असावे.

आधी करून पाहा

विकण्याची घाई करू नये. मोटारीची चावी दोन महिने कपाटात ठेवावी. एक महिना पावसाळ्यातला आणि एक ऐन हंगामातला. वहीत तारीख, कोठे गेलो, किती माणसे, कशाने गेलो आणि किती खर्च आला, हे लिहीत जावे. मोटारीवाचून काम खरोखर अडले, त्या दिवसापुढे फुली मारावी. दोन महिन्यांत फुल्या चार-दोनच पडल्या, तर भाड्याच्या गाडीवर भागेल. पानोपानी फुल्या पडल्या, तर मोटार ठेवावी आणि दुसरीकडे काटकसर शोधावी.

दारात मोटार नाही म्हणून सोयरीक मोडेल, ही भीती पुष्कळांना असते. बिनकर्जाचा सातबारा आणि वेळेवर भरलेली सोसायटी, ही दारातल्या मोटारीपेक्षा मोठी पत आहे, हे पाहुण्यांनाही कळते. निर्णय ज्याचा त्याने करावा. मात्र तो शेजाऱ्याकडे पाहून नव्हे, आपल्या वहीकडे पाहून करावा.